ताप कोणत्या घरचा?

थेरगावहून फोन आला तेव्हा मी दळण निवडत बसले होते. "आत्या गेल्या," डॉक्टर मालतीबाईंची भाची म्हणाली आणि मी वेड्यासारखं विचारलं, "यंदाची लस घेतली होती ना त्यांनी?" नव्वदी ओलांडलेली बाई झोपेत शांतपणे गेली, आणि मला सुचलं काय, तर हे! पण बाईंबरोबर ज्यांनी काम केलंय, त्यांना दुसरं काय सुचणार...

पन्नासच्या दशकात पिंपरीतल्या एका कंपनीच्या दवाखान्यात त्या डॉक्टर होत्या आणि मी नवीकोरी नर्स. फ्लूची मोठी साथ येणार म्हणून कंपनीला थोडी लस मिळाली. सगळ्यांना पुरणारी नव्हती. साहेब म्हणाले, आधी ऑफिसला द्या. बाई म्हणाल्या, छे, कामगारांत चिठ्ठ्या टाका! "टोचलेल्याला ताप येतो की नाही, एवढंच नाही बघायचं मला. त्याच्या बायकापोरांना येतो का, शेजाऱ्यापाजाऱ्यांना येतो का, ते बघायचंय." साहेबांनी अट घातली. घरच्यांना फायदा दिसला, तरच घरच्यांसाठी लस मागवायची. नाहीतर विषय बंद.

साथ आली, आम्ही कामगारांच्या चाळीत दारोदार हिंडलो आणि हिशेब उलटाच निघाला. टोचलेल्यांच्या घरातच पोरं जास्त आजारी! चाळभर बोंब झाली की सुईनंच ताप घरात आणला. नळावरची एक म्हातारी मला म्हणाली, "सुई न्हाई बये, पीडा हाय ती!" साहेब तर लस रद्द करायलाच निघाले. माझं डोकं सणकलं होतं आणि बाई मात्र तीच वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसल्या. त्यांच्या त्या वाचण्याचा मला इतका राग आला म्हणता!

मग एका दुपारी आम्ही रहीमभाई फिटरच्या खोलीवर गेलो. ते टोचलेले आणि ठणठणीत. त्यांची बायको शरीफाभाभी पोरांना पेज भरवत होती. भाभींची पोरं दोनच, पण भिंतीला टेकून पंगत बसलेली केवढी तरी! बाई उंबऱ्यातच थांबल्या. "भाभी, ही कोणाची?"

"पलीकडच्यांची, डॉक्टरीणबाई. त्यांच्यात ताप हाय ना. म्हणाले, तुमच्या घरी सुई झालीय, तुमच्यात ताप यायचा न्हाई. न्हाई कसं म्हणू?"

घरात आजारी माणूस असलं की पोरं शेजारी निजायला पाठवायची, ही चाळीची रीतच होती. त्या वर्षी ती सगळी सुईवाल्यांकडे गेली, अंगात लपलेला ताप घेऊन! आणि आम्ही तो ताप भाभींच्या घरचा म्हणून मोजला होता. बाई टाळी वाजवून हसल्या. "अगं, आपण ताप भलत्याच घराला चिकटवला!"

पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात. प्रश्न एकच: ताप येण्याआधी कुठं निजत होतास? पाहुण्या पोरांचा ताप त्यांच्या त्यांच्या घरी पाठवला, त्यांच्यामुळे आजारी पडलेल्यांना वेगळं मोजलं आणि सगळं चित्रच पालटलं. टोचलेल्या माणसाकडून त्याच्या घरच्यांना ताप बराच कमी लागला होता. "पूर्ण अडत नाही," बाईंनी साहेबांना स्वच्छ सांगितलं, "आणि शेजाऱ्यांचं मी छातीठोक सांगणार नाही, तेवढी घरं नाहीत आपल्याकडे. पण घरच्यांना फायदा आहे. या, स्वतः विचारून बघा." साहेब आले, दारोदार विचारत फिरले आणि परतताना म्हणाले, "मागवा."

लस आली! रांगेत पहिली भाभींची पोरं आणि त्यांच्या मागे पदर खोचून नळावरची म्हातारी. "मला बी टोच की!" मी दवाखान्यात पेढे वाटले. असला आनंद पुन्हा नाही झाला बाई...

तेराव्याला थेरगावला गेले. बाईंची खुर्ची रिकामी होती, घर भरलेलं. भाचीचा नातू सटासट शिंकला. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून, ओट्यावरून, जिन्यावरून सगळे एकदम ओरडले, "काल कुठं निजला होतास रे?"

"शेजारी!" तो म्हणाला.

हसता हसता मला रडू फुटलं. भाचीनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि शेजारच्यांचं दार वाजवायला गेली.