सरासरीने उकळत नाही

"साहेब, तुमचं भांडं उकळून राह्यलं का झोपून राह्यलं?" कारखान्याचे मालक दिवाकरभाऊ भांड्याच्या काचेला नाक लावून विचारत होते.

चंद्रपूरजवळचा वनौषधींचा कारखाना. धानोऱ्याकडून आलेल्या साली स्पिरिट आणि पाण्यात भिजवून अर्क काढायचा, मग ते मिश्रण उकळून स्पिरिट परत मिळवायचं. भांड्याचं डिझाइन माझं. चार वाजता ट्रायल. नापास झालं तर भांडं ट्रकवर, आणि त्याच ट्रकवर मी.

आदल्या दिवशी नुसतं पाणी भरलं होतं. असं खदखदलं, की तिकडे मोहर्लीच्या जंगलातले वाघ दचकून तळ्याबाहेर आले असतील! आज मिश्रण भरलं. आतली वाफेची कॉइल तीच, प्रेशर तेच. बुडबुडे मोजून चार, तेही आजारी.

नुसतं पाणी किती जोरात उकळतं आणि नुसतं स्पिरिट किती, हे दोन आकडे घेऊन मी ऐटीत सरासरी काढली होती. मिश्रण तिच्या जवळपासही फिरकेना.

शेवटी लाज सोडून ओरडलो, "इथं कोणाला मोहाची दारू गाळता येते?"

"नाई जी!" अख्खा कारखाना एका सुरात. इतके निष्पाप चेहरे मी देवळातही पाहिले नाहीत.

पॅकिंगमधल्या शेवंताबाई तेवढ्या पुढे आल्या. माहेर धानोऱ्याचं. "मले काई येत नाई जी. पण लोकं सांगत, तापल्या जागेजवळची दारू पयले पळते. मांगं पाणी रायते. ते तिथीच पसरून बसते, नव्या मालाले जवळ येऊ देत नाई."

मी उडालोच! स्पिरिट लवकर उकळतं, पाण्याला जास्त तापावं लागतं. कॉइलभोवती पाण्याचा थर साचला होता, म्हणून मिश्रण दोघांपेक्षाही आळशी!

"मग काय करत लोकं?"

"हालवत असतीन त्याले. मले काय मालूम!"

वाफ बंद केली, भांडं निवू दिलं. रिकामं करायच्या पंपाची लाइन फिरवून पुन्हा आतच सोडली, थेट कॉइलवर. पावणेचारला पंप सुरू, वाफ सुरू. पाच मिनिटांत आत धुमाकूळ! कंडेन्सरमधून स्पिरिटची धार अशी सुटली, की दिवाकरभाऊंनी मला उचललंच. माझं वजन तेव्हा म्हशीएवढं होतं.

ट्रायल पास. रिपोर्ट लिहायला बसलो, तर शेवंताबाई दारात. "साहेब, त्याच्यात माहं नाव नका लिहू. मले त्यातलं काईच येत नाई."

नाही लिहिलं. मात्र तेव्हापासून नवी साइट लागली, की ज्याला काहीच येत नाही त्याला मी आधी शोधतो. सरासरी नंतर काढतो.