गंगरेलच्या काठावर बाबा

बाबा भिलाईच्या कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर होते. सारी नोकरी वितळलेल्या लोखंडाजवळ काढलेला हा माणूस पाण्याला मात्र घाबरायचा. ते रिटायर झाल्यावर एका रविवारी आम्ही गंगरेल धरणावर गेलो. तिथे अडवलेली महानदी पार डोंगरांपर्यंत पसरली आहे. आईने मोटरबोटीचा हट्टच धरला. मी तिच्यासोबत बसलो आणि बाबा डबे सांभाळत काठावर थांबले.

थोडं पुढे गेल्यावर इंजिन बंद पडलं. "घबराने की बात नहीं," म्हणत बोटवाल्याने फोन करून दुसरी बोट बोलावली. मी काठाकडे पाहिलं, तर बाबा चपलांसकट पाण्यात शिरत होते. कमरेएवढ्या पाण्यात येऊन ते थांबले. आमची बोट ओढून आणेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

"पोहता येत नाही तुमाले, मग कावून उतरले?" आई रागावली.

"तू तिकडे अडकली, अन् मी काय इथं डबे राखत बसू?"

आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांना उन्हात बसवलं. जेवताना ते आपणहून बोलले. त्यांचा थोरला भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत वैनगंगेत बुडाला होता आणि तेव्हा ते काठावरच उभे राहिले होते. इतक्या वर्षांच्या संसारात आईलाही हे माहीत नव्हतं. ती त्यांच्या शेजारी सरकून बसली.