डाव्या मडगार्डवरची वीतभर जागा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात, स्टोअरमध्ये होतो. अक्का एवढंच म्हणाली, "गाडी धुऊन आले, च्या मागितला, आन् खुर्चीतच मान टाकली रं…" मला रडू आलं नाही. मनात पहिलं जे आलं ते असं: आता ठाऊक असणारं कुणी उरलं नाही. या गोष्टीला महिना होऊन गेला, पण ते वाक्य काही मला सोडत नाही. म्हणून लिहायला बसलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दौंडला रेल्वेत फिटर होते. कॉलनीत त्यांची ओळख एकच, पांढरी गाडी. एका साहेबाकडून जुनी घेतलेली, पण नवीला लाजवेल अशी ठेवलेली. लिंबाखाली उभी करायची नाही, पानांचा चिकटा पडतो. उन्हात धुवायची नाही, साबण वाळून डाग धरतो. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खंगाळायची. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, "खालची माती वर न्यायची न्हाई." मग कॅरीबॅगेत हात घालून पत्र्यावरून अलगद फिरवायचे, पिशवीतून पत्र्याची खरखर बोटांना जास्त कळते म्हणायचे. शेवटी डबीतलं मेण जुन्या बनियनवर घेऊन गोल गोल. पुढं पुण्याहून मेणाच्या फवाऱ्याची बाटली आणली, मारायचं आणि पुसायचं, तरी बनियन तेच. मेण लावल्यावर मगभर पाणी ओतायचे. अळूच्या पानावर उभं राहावं तसं पाणी थेंबाथेंबानं उभं राही. तेवढं बघून हसायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझ्या मुलीच्या बारशाला पाहुण्यांची ने-आण करायला ती गाडी मी शिरूरला आणली. दाजींनी किल्ली देताना म्हटलं होतं, "मेव्हणं, जीव दिला तरी चालंल, गाडी देताना मात्र इचार करतो." बारसं झाल्यावर परत करायला एकटाच निघालो. न्हावरा मागं पडलं. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. कॅसेट उलटी करायला मान खाली घातली… वर बघितलं तर समोर सायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. ब्रेक दाबेपर्यंत डावीकडून खडकन आवाज झाला. आरशात बघितलं. सायकल रस्त्याकडेच्या चारीत, चाक फिरतंय, रस्ता पांढरा झालेला. आणि चारीतून एक हात वर आला होता. मी ब्रेकवरचा पाय काढला आणि गेलो.

काचेच्या कोपऱ्यापर्यंत दूध उडालं होतं. पुढच्या एका गावात दुकानातून कपड्यांच्या पावडरीची पुडी घेतली आणि कालव्याच्या काठाला गाडी लावून डावं मडगार्ड घासलं. एकदा, दोनदा, तीनदा. पत्रा चेपला नव्हता, एक बारीक ओरखडा होता. भीतीपोटी पुडी त्याच जागेवर संपवली.

दाजी दारात उभेच होते.

"धुतलीस?"

"व्हय. धूळ लई बसली होती."

"तू?" दाजी हसले. "लगीन झाल्यापासून सवताचं ताट उचललं न्हाईस, गाडी धुतलीस व्हय!"

अक्काही आतून हसली. दाजींनी सवयीनं मग भरून बॉनेटवर ओतला. थेंब उभे राहिले. डाव्या मडगार्डवर ओतला, आणि तिथं वीतभर जागेत पाणी सपाट पसरलं. कपड्यांच्या पावडरीनं मेण उतरतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दाजी हसायचे थांबले. पिशवीत हात घालून त्या जागेवरून फिरवला, एका ठिकाणी थांबवला. मग वाकून दिव्याच्या कडीशी नाक नेलं.

"दूध सांडलं व्हय रं?"

"बारशाचं," मी म्हणालो.

दाजींनी आतून बनियन आणलं. मग डबी काढून सगळ्या गाडीला मेण लावलं आणि त्या वीतभर जागेपाशी येऊन झाकण लावून टाकलं. "दाजी, एवढं राहिलं," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

ती जागा राहिलीच. पुढची नऊ वर्षं. दर खेपेला मी दौंडला गेलो की चहा होई, पोरांची चौकशी होई, आणि नंतर दाजी माझ्या हातात पाण्याचा मग देत. "सुभाष, ओत." मी ओतायचो. सगळीकडं थेंब, आणि त्या जागी सपाट पाणी. ओरडले असते तर बरं झालं असतं. विचारलं फक्त एकदाच, तेही वाकडं: "न्हावऱ्याच्या रस्त्यानं येतोस का रं?"

"न्हाई. पुण्यावरून रेल्वेनं."

"उलटं पडतं की."

"पडतं."

बातमी शोधायची माझी हिंमत झाली नाही. तो माणूस जगला की गेला, हे न कळण्यातच माझा आसरा होता. अक्काकडं जेवायला बसलो की ती पुरणपोळीवर तूप ओतायची. "ह्यांचा कुनी दूधवाला हाय, यश्टीनं जाऊन सवता आनत्यात," ती कौतुकानं सांगायची. मी बोटं चाटून खायचो. दाजी माझ्या ताटाकडं बघत बसायचे.

तेरावं झाल्यावर अक्कानं गाडीची किल्ली आणि तुपाचा रिकामा डबा माझ्यापुढं ठेवला. "जायच्या आठ दिस आधी म्हनत व्हते, ह्यो डबा संपला की सुभाषला धाड, त्याला रस्ता म्हाईत हाय." माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "कुठला रस्ता रं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती आत निघून गेली. त्यानंतर आजवर माझ्याशी बोललेली नाही.

डब्याच्या झाकणावर दाजींनी रंगानं त्या दूधवाल्याचं नाव घातलं होतं. त्या नावाच्या आधारानं गाडी घेऊन न्हावऱ्याच्या रस्त्याला विचारत गेलो. ज्या वस्तीत शिरायचं होतं ती सायकल पडली त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होती. साठीचा माणूस बाहेर आला. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, काठी टेकत होता. त्यानं आधी डबा ओळखला.

"रेल्वेवाले न्हाई आले?"

"वारले."

तो ओट्यावर टेकला. "द्येवमानूस. कधी तुपाचा भाव इचारला न्हाई…" घरातून त्यानं पाणी मागवलं. तांब्या माझ्यापुढं धरला. "घ्या. तुम्ही कोन त्यांचे?"

मी तांब्या घेतला, गाडीपाशी गेलो आणि डाव्या मडगार्डवर ओतला. पाणी त्या जागी सपाट पसरलं. "तुमची सायकल हितं लागली," मी म्हणालो. "गाडी मी चालवत होतो."

त्यानं त्या पाण्याकडं बघितलं.

"म्या हात वर केला व्हता," तो म्हणाला.

"दिसला होता."

तो उठला, डबा घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं. मी ऊन उतरेपर्यंत उभा होतो. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांत जबाब दिला. पुढं काय होईल ते ठाऊक नाही.

गाडी आता माझ्या दारात आहे. रविवारी सावलीत लावतो, टपापासून खाली धुतो, दाजींच्या त्याच बनियननं मेण लावतो, आणि त्या जागेपाशी येऊन झाकण लावतो. ओरखड्याच्या कडेला आता गंज धरलाय. मग पाण्यानं भरतो. ओत म्हणणारं कुणी नाही… तरी ओततो.