काकांच्या नेटमधला चोर

वायफायताईबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये कुजबुज होती, की ती ज्या घरी नेट लावते, त्या घरातलं सगळं तिला घरबसल्या दिसतं. साफ खोटं! आपण पासवर्ड टाकायला लागलो की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि वर बजावते, "पुटपुटू नका हं, मला कान आहेत!"

शेजारच्या काकांचा मात्र भिंतीवरही विश्वास नाही. वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून कंपनीने दिलेलं नेटवर्कचं नाव बदलून त्यांनी "इथे फुकट नाही" असं ठेवलं, आणि राउटरला जोडलेल्या फोनांच्या यादीत त्यांना एक अनोळखी नंबर दिसला. त्यांनी तो ब्लॉक केला. लगेच त्यांच्याच फोनवरचं नेट गेलं.

"सूड उगवतोय मेला!"

मग नाव झालं "चोरा लाज धर". नेट आलं, यादीत नवा अनोळखीही आला. तो हाकलला, की नेट पुन्हा गुल. मग "मला सगळं कळतं". पुन्हा तेच.

शेवटी काकांनी आपल्या वरच्या खोलीतल्या भाडेकरू नर्सला सांगून टाकलं, "रविवारी खोली रिकामी कर."

"अहो, ती दिवसभर ड्यूटीवर असते," काकू म्हणाल्या.

"तेच तर! घरी नसल्याचं सोंग!"

नर्स सामान बांधायला लागली, तशी काकूंनी ताईला बोलावलं.

मी ताईच्या कानात म्हटलं, "नर्सच असणार. पैज!"

"हरलीस तर माझी नक्कल करणं बंद," नाक ओढत ताई म्हणाली. तिने लॅपटॉपला वायर जोडली, यादी उघडली, हाकललेल्या नंबरावरचा ब्लॉक काढला. "काका, तुमचा फोन बंद करा बघू."

फोन बंद झाला. यादीतला अनोळखी गायब. फोन सुरू केला, अनोळखी हजर.

काका दचकले. "म्हणजे चोर माझ्या फोनात लपलाय?"

"चोर कसला, तुमचाच फोन तो! नेटवर्कचं नाव बदललं, की फोन ओळख लपवायला नवा नंबर लावतो. तुम्ही त्यालाच हाकलत बसलात."

काकांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "पण हा माझ्यापासून काय लपवतोय?"

"आता नाव मी ठेवणार," म्हणत काकूंनी टाइप केलं, "चुकलं माझं". अख्ख्या बिल्डिंगच्या फोनांवर ते झळकलं. यादीत पुन्हा नवा नंबर आला, काकांचं बोट ब्लॉककडे सरकलं, काकूंनी मनगट धरलं. वर नर्सने खोक्याची दोरी सोडली.

तेव्हापासून ताईची नक्कल बंद. तोंडाने. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.