वजन हलू दे

"पोरी, तुहा मामा उठून नाई राह्यला," एवढंच मामी फोनवर म्हणाली. मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि मी पिपरी मेघेच्या आमच्या शाळेत मुलींना सरावासाठी गोळा करत होते. खरं सांगते, पहिल्या क्षणी मी घाबरलेच नाही. मामाचं न उठणं आमच्या घरात नवं नव्हतं. उभं आयुष्य तो कुस्तीत आपल्यापेक्षा दांडग्या गड्यांच्या अंगाखाली पालथा पडून राहिला आणि दरवेळी कुठून तरी सरकून बाहेर आला. मग फोनमध्ये मागून कुणाचा तरी हंबरडा ऐकू आला, आणि मला कळलं…

देवराव मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. वडनेरला बुद्धविहाराच्या मागे टिनाच्या शेडमध्ये त्याचा आखाडा होता आणि गाव त्याला उस्ताद म्हणायचं. तब्येतीनं मात्र अगदी काडी पैलवान. दंगलीत नाव पुकारलं की लोक आधी हसून घ्यायचे. त्याच्या वजनाचा पैलवानच कुणी नसे, त्यामुळे समोर कायम दीडपट गडी यायचा आणि मामा बघता बघता खाली जायचा. बाकीचे उस्ताद पोरांना आधी उभं राहायला, समोरच्याचे पाय ओढून पट काढायला शिकवत. मामा नव्या पोराला पहिल्याच दिवशी मातीत पालथं झोपवायचा. "खाली तं तू जाणारच हायेस, मंग तिथूनच सुरू करू," म्हणायचा. त्याच्याकडची कुस्ती खालून सुरू व्हायची.

मी आठवीत असताना हट्ट करून त्या आखाड्यात शिरले. मामानं कोपऱ्यातलं सरकीचं पोतं ओढून आणलं आणि माझ्या पाठीवर टाकलं. माझं तोंड मातीत. मी तशीच दम धरून पडून राहिले. मला वाटलं, सहन करणं हीच परीक्षा असावी. मामानं टाळूवर टपली मारली. "काऊन थांबली? पोत्याखाली थांबत नसते. पोतं का श्वास घेते? त्याच्याखाली गेली की लगेच हल. नाई जमत तं आवाज देजो, कोनी तरी उचलंल." ताकद आली की पोतं गेलं आणि माणूस आला. मुलीच्या अंगावर पैलवान कसा टाकणार, म्हणून मामानं मामीला हाक मारली. मामी अंगापिंडानं चांगली भरलेली. पदर खोचून, हसत हसत ती माझ्या पाठीवर आडवी व्हायची आणि माझ्या बरगड्या कुरकुरायच्या. मी हात लांब करून तिला ढकलायला गेले की मामा ओरडायचा, "हात नोको देऊ! हात दिला का हात गेला." कोपरं बरगडीला चिकटव, हनुवटी छातीत घाल, आणि थांब. "मोठ्या माणसाले श्वास बी मोठा लागते. तुले उलटवाचं म्हनलं तरी त्याले हलाच लागते. वजन हलू दे. हललं का आधी कुशीवर हो, मंग कंबर सरकव, मंग गुडघा आत घाल. त्याले उचलाचं नाई, पोरी… आपुन निंघाचं." मामीला हे सगळं वरून पाठ झालं होतं. ती मुद्दाम श्वास रोखून धरायची आणि शेवटी हसू फुटलं की मी निसटायचे. त्या घरात मी जेवढी हसले तेवढी आयुष्यात कुठेच हसले नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत माझ्यासमोर आर्वीकडची एक मुलगी आली. तिच्या दंडाकडे बघूनच माझं अवसान गेलं. शिटी वाजली न वाजली तोच मी खाली. तिचं सगळं ओझं माझ्या मानेवर होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मॅटच्या कडेला बाकीचे गुरू घसा फोडून ओरडत होते. मामा उकिडवा बसला होता. फक्त तळहात जमिनीकडे धरून होता… थांब. ती मला उलटवायला जरा वर सरकली, आणि तेवढ्या फटीतून मी कुशीवर झाले, गुडघा ओढला, बाहेर आले. ती कुस्ती मी गुणांवर हरलेच. पण मामा मला खांद्यावर घेऊन नाचला. "पाठ लागली का? नाई ना? मंग!" पुढे मी खेळाची शिक्षिका झाले ती त्या एका "मंग"च्या जोरावर.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात एक पुढारी म्हणाले की उस्तादांनी मृत्यूशी अखेरपर्यंत झुंज दिली. मला उठून त्यांच्या हातातला माइक हिसकावून घ्यावासा वाटला. कसली झुंज? त्या सकाळी जोर मारून झाल्यावर मामाच्या छातीवर ओझं आलं. मामी म्हणाली, गाडी बोलावते, हिंगणघाटला दवाखान्यात जाऊ. तो आखाड्यातल्या चटईवर पालथा झाला, कोपरं बरगडीला चिकटवली, हनुवटी छातीशी घेतली आणि म्हणाला, "थांब. वजन हलू दे." आणि मामी थांबली. पैलवानाची बायको ती, शेजारी बसून नवऱ्याचा श्वास मोजत राहिली. सकाळची दुपार झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं…" तेव्हापासून मामी जो येईल त्याला एकच सांगते, "मले वाटलं, आता सुटतीन. दरखेपी सुटत होते." ऐकणारा मान हलवतो आणि चहाचा कप खाली ठेवतो.

मी शाळेत परत रुजू झाले, पण मला शिकवता येत नाही. मुलगी खाली दबली की माझ्या तोंडाशी तोच 'थांब' येतो आणि तिथेच अडकतो. मामानं मला दिलेली ही एकच गोष्ट, आणि तिनंच त्याला नेलं. दुसरं काही मला येत नाही.

मागच्या रविवारी वडनेरला गेले होते. आखाड्याला कुलूप असतं, माती वरून टणक झाली आहे. कोपऱ्यात ते सरकीचं पोतं तसंच उभं आहे, आमच्या सगळ्यांच्या पाठींनी मधोमध खोल खड्डा पडलेलं. मामी म्हणाली, "घेऊन जाय तुह्या शाळेत. इथं उंदीर लागतीन." मला काय वाटलं कोण जाणे. मी मातीत पालथी झाले आणि तिला म्हटलं, "मामी, टाक पाठीवर." तिला वाटलं, जुनी गंमत. कितीतरी दिवसांनी जरा हसली, पोतं ओढत आणून माझ्यावर लोटलं आणि आखाड्याच्या काठावर टेकली. मी कोपरं आवळली. थांबले. ओझं हलत नव्हतं. थोडंही नाही. मामा त्या सकाळी कशाखाली पडला होता ते मला तेव्हा कळलं…

"काऊन थांबली, पोरी?" मामी सवयीनं म्हणाली. "पोत्याखाली थांबत नसते. पोतं का श्वास…"

आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

मी मान वळवून पाहिलं नाही. आवाजही दिला नाही. बराच वेळ मामी काठावर बसून राहिली आणि मी पोत्याखाली.