झाकण बंद असल्याचा सिग्नल

मी दुरुस्तीला पोहोचलो तेव्हा प्रिंटर पुसून ठेवला होता. चाकणच्या त्या कंपनीत लेबल प्रिंटर कुणी पुसलेला मी कधी पाहिला नव्हता. कम्प्लेंट फक्त 'कटर एरर'ची होती. शेजारच्या टेबलावर पॅकिंग करणारी बाई हळूच म्हणाली, "संगीताचं बोट गेलं सकाळी."

संगीता त्या प्रिंटरवरची कंत्राटी ऑपरेटर. लातूरकडची. लेबलं घ्यायची आणि पार्टच्या खोक्यांवर चिकटवायची.

सुपरवायझर जाधव आले. "राव, लवकर चालू करा. डिस्पॅच अडकलाय."

मी झाकण उघडलं. डिस्प्लेवर 'रेडी' तसंच राहिलं. झाकण उघडल्यावर ते जायला हवं होतं.

थर्मल प्रिंटरचा सगळा कारभार सेन्सरवर चालतो. एक सेन्सर कागदातून आरपार प्रकाश सोडून दोन लेबलांमधली फट शोधतो. कटरने तिथेच कापायचं असतं. दुसरा सेन्सर पातं जागेवर परत आलं का ते बघतो. तिसरा झाकणाचा. झाकणात बारीक मॅग्नेट असतो. झाकण उघडलं, मॅग्नेट दूर गेला, की पातं हलतच नाही.

इथे त्या सेन्सरवरच दुसरा मॅग्नेट चिकटपट्टीने लावला होता. झाकण सताड उघडं असलं तरी प्रिंटरच्या लेखी ते बंद.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. परचेसने रोल बदलले होते. नव्या रोलचा मागचा कागद जाड, त्यामुळे सेन्सरला लेबल काय नि फट काय, सारखंच दिसायचं. कटर लेबलाच्या मधेच कापायचा. पात्याला गोंद लागायचा, कागद अडकायचा. तो काढायला झाकण उघडलं की अख्खी लाइन थांबायची. मागच्या व्हिजिटला असाच मॅग्नेट काढून मी जाधवांच्या हातात दिला होता. आधी रोल बदला, असं बजावलंही होतं.

"परत कुणी लावला?" मी विचारलं.

जाधव म्हणाले, "मीच. लाइन थांबली की वरून फोन येतो. रोल काय माझ्या हातात आहेत?"

प्लांट हेड म्हणाले, "रिपोर्टमध्ये कटर फॉल्टी लिहा." आमच्या साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "ऑपरेटरची चूक लिही आणि विषय संपव." मी होतं तसं लिहिलं. दोन्हीकडून बोलणी खाल्ली. प्लांटने त्यांच्या रेकॉर्डला नुसतं 'अपघात' एवढंच ठेवलं.

संध्याकाळी संगीताला बघायला हॉस्पिटलात गेलो. उजव्या हाताला मोठं बँडेज. पहिल्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. तिने मला मशीनवाले सर म्हणून ओळखलं.

"सर, झाकण उघडं होतं. पातं मधीच अडकून थांबलं होतं. म्या कागद वढला, आन् ते चाललं. कसं काय?"

मी सांगितलं. अडकलेला कागद निघाला की पातं आपोआप मूळ जागी जातं. झाकण उघडं असताना जायला नको होतं, पण मॅग्नेटमुळे प्रिंटरला ते कळलंच नाही.

ती ऐकत होती. "म्हंजी मशीनला वाटलं, झाकण बंद हाय."

"हो."

"आन् मला वाटलं, मशीन बंद हाय."



कंत्राटदाराने तिला परत घेतलं नाही. बारीक काम जमणार नाही म्हणाला. ती गावी गेली, असं त्या पॅकिंगवालीकडून कळलं. पुढच्या सर्व्हिसला गेलो तेव्हा त्या जागेवर दुसरी मुलगी होती. रोल तेच. प्रिंटरवर 'आत हात घालू नये' असं लेबल लावलं होतं. ते त्याच प्रिंटरवर काढलेलं, खालची ओळ अर्धी कापलेली.

इतक्या वर्षांत मला मशीन थांबतं म्हणून बोलावणारे पुष्कळ भेटले. ते का थांबतं, हे ऐकून घेणारे फार थोडे.