बारकीची कागदपत्रं

पोलिसांनी आमची मोटारसायकल जप्त केली तेव्हा क्रेन बोलवावी लागली नाही. एका हवालदारानं पुढून धरली, दुसऱ्यानं मागून, आणि दोघांनी ती उचलून चौकीच्या व्हरांड्यात तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवली.

गाडीच तशी आहे. जुन्या काळातली मिनीबाइक! चाकं भाकरीएवढी, टाकी तांब्याएवढी आणि आवाज मात्र उसाच्या ट्रॅक्टरचा. आमच्या आप्पांनी (म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांनी) ती तमिळनाडूत हौसेनं घेतली आणि गावी येताना ट्रकात पोत्यांवर घालून आणली. घरात तिला सगळे 'बारकी' म्हणतात. मी मात्र बारका नाही. मी बारकीवर बसलो की गाडी दिसेनाशी होते आणि एक धष्टपुष्ट माणूस बसल्या बसल्या रस्त्यावरून सरकत चाललाय, असं लोकांना दिसतं. त्या दिवशी विट्याच्या चौकात हवालदारांनाही तेच दिसलं.

"उतरा खाली!"

"उतरलोच आहे की." (माझे दोन्ही पाय आधीपासूनच जमिनीला टेकलेले होते.)

"गाडीची कागदं?"

इथं एक सांगायला हवं. मी सांगलीत एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे आणि कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. कुणाच्या अर्जावर एक सही कमी असली तरी मी त्याला दारातूनच परत पाठवतो. माझ्या पिशवीत लायसन, आधार, रेशनकार्ड, जन्माचा दाखला, लस घेतल्याचं सर्टिफिकेट आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स कायम असतात. मी एकेक काढून बारकीच्या सीटवर मांडलं. हवालदारांनी शांतपणे सगळं पाहिलं.

"तुमी खरं हाय, हे पटलं," ते म्हणाले. "गाडी कुणाची हाय?"

त्याचं असं झालं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आप्पा हिंडूफिरू लागले आणि मला म्हणाले, "बाळू, बारकी तेवढी विट्याला नेऊन चालू करून आण. तुझ्या काकीला एकदा मागं बसवायचीय." आप्पांचा जन्म परमुलखात गेला. आमच्याकडच्या पुष्कळ लोकांसारखा त्यांचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा. ते तिकडं भट्टीपुढं आणि काकी इकडं रानात, म्हशींत. बारकी आणली तेव्हा "उद्या बसीवतो" म्हणाले, तर दुसऱ्याच दिवशी दुकानातून बोलावणं आलं. धंदा बंद करून कायमचे घरी आले, तोवर बारकीच बंद पडली होती. हे ऐकून मला भरून आलं, आणि भरून आल्यावर माणूस आरसी बुक विचारत नाही! मेकॅनिकनं गाडी चालू करून दिल्यावर टेम्पोत घालून आणायची, तर मी ऐटीत तिच्यावर बसून निघालो.

मी चौकीतून आप्पांना फोन लावला.

"आप्पा, बारकीला पोलिसांनी धरलं."

"का? काय केलं तिनं?"

"तिची कागदं नाहीत."

"हायत की घरात! तुझ्या काकीला इचार."

घरी येऊन काकीला विचारलं. "आसंल कुटं तरी," असं म्हणून काकी जी गोठ्यात गेली ती बाहेरच येईना. मी आणि आप्पांनी ट्रंक उपसली, फळीवरचे डबे उपसले, गाद्या उलथ्या केल्या. माझ्या लग्नाची पत्रिका सापडली. माझं सहावीचं प्रगतिपुस्तक सापडलं (ते आप्पांनी मोठ्यानं वाचलं). बारकीचं पुस्तक काही सापडलं नाही. आम्ही हाक मारली की काकी म्हशीला वैरण टाकायची. त्या दिवशी इतकी वैरण पडली की शेवटी म्हशीनंच तोंड फिरवलं.

आप्पा पायरीवर टेकले. "ऱ्हाऊ दे गड्या," ते म्हणाले. "भंगारात जाईल आता. तुझ्या काकीच्या नशिबात न्हाई आन् माज्याबी न्हाई." आप्पांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना.

मग माझ्यातला कारकून जागा झाला. पुस्तक 'गहाळ' झाल्याचा एक देखणा अर्ज मी लिहिला आणि दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन चौकीत हजर झालो. समोर फौजदार मॅडम होत्या.

"कुठं गहाळ झालं?"

"विट्याच्या बाजारात," मी ठोकून दिलं.

"पिशवीतून पडलं?"

"हो. गर्दी फार होती. पाऊसही होता." (खोटं बोलायला लागलं की मला हवामानही सुचतं.)

"बरोबर कोण होतं?"

"ही आमची काकी!"

काकी डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली. "म्याडम, ह्यो खोटं बोलतोय. पुस्तक हरवलं न्हाई. जळलंय."

"जळलं? कुणी जाळलं?"

"ह्यांनी."

आप्पा ऑपरेशन विसरून ताडकन उठले. "मी? आगं, मी कशाला जाळीन?"

"कोट जाळला न्हवं तुमी?"

आता गलाईवाल्यांच्या घरात कामाचे कपडे कधी टाकत नाहीत. वर्षानुवर्षं भट्टीपुढं बसून त्यांत सोन्याचा बारीक कण मुरलेला असतो. कपडा विटला की जाळायचा, राख धुवायची, गाळायची आणि त्यातलं सोनं काढायचं. आप्पांनी कायमचं घरी आल्यावर दारात भट्टी पेटवून आधीच गावी आणून ठेवलेला आपला जुना कोट असाच जाळला होता. आणि घरातली कुठलीही वस्तू कुणी टाकून देईल, पण हा कोट कुणी टाकणार नाही, म्हणून काकीनं पुस्तक जपून ठेवलं होतं ते त्याच कोटाच्या आतल्या खिशात!

"मग तवाच का न्हाई बोललीस?" आप्पांनी विचारलं.

"कशी बोलू? राखंतनं एवढुसं सोनं निघालं तर तुमी ल्हान पोरागत नाचला. त्याची मला ही नाकातली चमकी केली. तुमी सोताच्या हातानं घडवलेला पयला डागिना त्यो. म्हनलं, पुस्तक गेलं तर जाऊ दे."

आप्पा काकीकडं बघत राहिले आणि माझे डोळे उगाचच भरून आले. तेवढ्यात कालचे हवालदार पुढं झाले. "म्हंजे म्याडम, गाडीची कागदं..." आणि सगळ्यांनी एकदम काकीच्या नाकाकडं पाहिलं.

"काढून दावू का?" काकीनं विचारलं.

"नको, नको!" मॅडमना हसू आवरेना. "राहू द्या. मूळ प्रत आहे ती." (आणि तिचीच नेमकी झेरॉक्स निघत नाही!)

मग त्या माझ्याकडं वळल्या. "आणि तुम्ही हो? ऑफिसात काम करता ना? खोटा अर्ज?"

माझा देखणा अर्ज मीच फाडला. नवा अर्ज काकीनं सांगितला आणि मी लिहिला. नंबर टाकून पाहिल्यावर मालक म्हणून आप्पांचंच नाव निघालं, तेव्हा चोरीचा संशय मिटला. दंड मी भरला. दुसरं पुस्तक मात्र तमिळनाडूतून मागवावं लागणार होतं. "ते येईपर्यंत रस्त्यावर दिसली तर परत इथंच आणीन," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या रानात काय करायचं ते करा."

बारकी टेम्पोत बसून घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रानातल्या वाटेवर, उसाच्या कडेनं, आप्पांनी तिला किक मारली. काकी एका अंगाला बसली आणि आप्पांचा खांदा घट्ट धरून ओरडली, "आवं, हळू! पडंन की मी!" बारकी तेव्हा अजून जागेवरच उभी होती! मग ती फटफटत निघाली. काकी आधी डोळे मिटून होती, मग हसायला लागली आणि बांध संपला तरी हसतच होती. इतक्या वर्षांची राहिलेली ती चक्कर बघून मला फार बरं वाटलं.

परत आल्यावर मी लाडानं म्हणालो, "आप्पा, मी एक चक्कर मारू?"

"मार की. पर काकीला मागं घे. कागदं नगंत व्हय संगं?"

काकीनं बारकीकडं पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सरळ आप्पांच्या मागं जाऊन बसली. दोघं फटफटत घराकडं गेले. आमच्या तिघांत कागदपत्रं पूर्ण असलेला मी एकटाच. म्हणून पिशवी काखोटीला मारून मी मागून चालत आलो.